वस्तीवरच्या शाळेचा हिशेब कोण मागणार?

शाळा बंद करायची असली की सरकार आता 'बंद' हा शब्द वापरत नाही. 'समायोजन' म्हणते, 'समूह शाळा' म्हणते, 'गुणवत्तापूर्ण शिक्षणासाठी एकत्रीकरण' म्हणते. शब्द गोड असला की आपली माणसेही मान डोलावतात. आम्ही डोलावणार नाही. हा शब्द वाडीवर पोहोचतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो, शाळेला कुलूप.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने पत्र काढून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत दाखवले. तेव्हा सरकारनेच दिलेला आकडा असा: राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुले १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. मंत्रालयातल्या बाबूने भागाकार केला. एका शिक्षकामागे सहा मुले! केवढी ही उधळपट्टी! त्या भागाकारात एक गोष्ट बसली नाही. ही पावणेदोन लाखांहून जास्त मुले राहतात कुठे? ती राहतात पाड्यावर, तांड्यावर, धनगरवाड्यावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर. म्हणजे जिथे दुसरी शाळाच नाही तिथे. शहरातल्या साहेबाच्या घरासमोरची शाळा २० पटाची असेल तर तिला पर्याय पंधरा आहेत. इथे पर्याय म्हणजे ओढा, घाट आणि चार किलोमीटरची पायपीट.

आमच्या तालुक्यातली एक वस्ती आम्हाला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या गुरुजींना नोटीस निघेल. दोन खोल्या, चार इयत्ता, पट तेरा. तेरापैकी आठ मुली. नऊ मुले बौद्धवाड्यातली, बाकी धनगर आणि एक पारधी घर. शाळा मोठ्या गावातल्या शाळेला जोडण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा आम्ही पालकांच्या बैठकीला गेलो होतो. साहेब म्हणाले, मोठ्या शाळेत संगणक आहे, मैदान आहे, मुलांना स्पर्धा मिळेल. वाहतूक भत्ता देऊ. मागून एक मावशी उठली. म्हणाली, "सायेब, भत्ता वड्याला द्यायचा का? पावसाळ्यात वडा भरला की आमीच पलीकडं जाईना, सात वर्साची पोरगी जाईल व्हय?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. संगणकाबद्दल त्या मावशीची काही तक्रार नव्हती. तिचे म्हणणे एवढेच होते की संगणक इकडे आणा. हे साधे उत्तर एकाही परिपत्रकात का सुचत नाही?

अशा शाळा वस्तीवर आल्या त्या उगाच नाही. मुलांना दूरच्या गावात जाता येत नव्हते म्हणूनच याच राज्याने वस्तीशाळा उघडल्या, तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक नेमले. तेव्हाचा ओढा आजही तिथेच आहे. मग बदलले काय?

पट कसा कमी होतो ते वाडीवरच्या कोणालाही विचारा. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, जागा रिकाम्या राहत गेल्या. दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली की दुसरा माणूस येता येत नाही. उरलेला एक जण चार इयत्ता सांभाळतो, शिवाय निवडणुकीच्या याद्या, खिचडीचा हिशेब, रोजचे फोटो अपलोड करणे. आठवड्यातून एक-दोनदा तालुक्याला मीटिंग. त्या दिवशी शाळा अंगणवाडीताईच्या भरवशावर. त्याच सुमारास, २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने, ज्याच्याकडे जागा आणि पैसा त्याला शाळा काढायला रान मोकळे झाले. पिवळी बस डांबरी रस्त्यापर्यंत येऊ लागली. ज्यांना फी झेपते त्यांची मुले गेली. उरली ती ज्यांना झेपत नाही त्यांची. मग तपासणीला आलेला अधिकारी म्हणतो, पट कमी का? पालकांचा विश्वास नाही का? आधी शिक्षक काढून घ्यायचा आणि मग विश्वास कुठे गेला म्हणून विचारायचे!

त्यात आधारचे खूळ. आता संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, ज्या मुलाचे आधार वैध तेच मूल मोजले जाते. पारध्याच्या पोराकडे जन्माचा दाखला नाही, नावात एक अक्षर चुकलेले, बोटांचे ठसे जुळत नाहीत. ते रोज वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते, पण सरकारच्या लेखी ते नाही. पट घेतला जातो सप्टेंबरअखेर. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्याला निघतात, मुले आईबापाबरोबर फडावर जातात, आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा मास्तरांनी त्यांना कुठे शोधायचे हा प्रश्न उरतो. हा पट कमी झालेला नाही, तो कागदावर कमी केलेला आहे.

आता पैशाचे बोलू. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान मिळते, तेही पटावर. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला १०,००० रुपये. दिवसाला सत्तावीस रुपये! त्यात खडू, रजिस्टर, दुरुस्ती, स्वच्छता, विजेचे बिल. शंभराच्या वर पट गेला की ५०,००० होतात. पण छत गळायचे असेल तर ते पट मोजून गळत नाही. लहान शाळेला मुलामागे खर्च जास्त येतो म्हणून ती परवडत नाही म्हणतात, आणि देताना हातात टेकवतात दहा हजार. या शाळेवरचा खरा खर्च आहे तो शिक्षकांचा पगार. सगळा डोळा त्यावर आहे. चौदा हजार शाळा मोडल्या की तीस हजारांच्या आसपास शिक्षक मोकळे होतात, ते रिकाम्या जागांवर टाकता येतात, आणि डी.एड., बी.एड. करून पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या पोरांना सांगता येते की जागाच नाहीत. 'गुणवत्ता' हा शब्द यासाठी वापरला जातो.

खोटे वाटत असेल तर पुढचे पाहा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष असे बदलले की सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना शिक्षकाचे पदच उरत नाही. शिक्षक नाही, पण वर्ग आहे म्हणे! त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, बरोबर शिक्षकदिनी, वीसपर्यंत पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका जागेवर १५,००० रुपये मानधनावर निवृत्त किंवा कंत्राटी माणूस नेमण्याचा निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यात फेरफार झाले. आणि कायदा काय सांगतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. 'वीस मुले असतील तरच' अशी अट त्यात नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हे याच राज्याच्या नियमांत आहे.

हा एक किलोमीटर लक्षात ठेवा, कारण तोच सरकारने दुसऱ्या बाजूनेही वापरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून सांगितले की खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेने गरीब, वंचित मुलांना २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. का? तर सरकारी शाळा आहे ना जवळ! म्हणजे खासगी शाळेच्या दारात आमचे मूल उभे राहिले की सरकारी शाळा जवळ असते आणि तीच सरकारी शाळा चालवायची वेळ आली की ती परवडत नसते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. न्यायालयात कोणी गेले नसते तर आमच्या पोरांसाठी दोन्ही दारे एकदमच लागली असती.

हे सगळे होताना जिल्हा परिषद कुठे होती? शाळा जिल्हा परिषदेची, पाटीवर नाव जिल्हा परिषदेचे. १९६१ च्या कायद्याने शिक्षण समिती दिली, सभापती दिला. पण मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये बजावावे लागले की चार महिन्यांत निवडणुका घ्या. म्हणजे समूह शाळांचे पत्र निघाले, नवी संचमान्यता आली, कंत्राटी शिक्षकांचा निर्णय झाला, तेव्हा बहुतेक जिल्ह्यांत शिक्षण समितीच अस्तित्वात नव्हती. राखीव गटातून निवडून आलेला आमचा एखादा सदस्य सभागृहात उभा राहून ओरडला असता, तेही झाले नाही. समिती होती तेव्हा फार दिवे लावले होते असे आम्ही म्हणत नाही. सभापतींच्या स्वतःच्या संस्था असतात हे आम्हीही पाहिले आहे. पण निदान ज्याच्या दारात जाऊन बसावे असा एक माणूस होता. आता शिक्षक किती हे मंत्रालय ठरवते, बदली पोर्टल करते, पगार कोषागार देते, आणि जिल्हा परिषदेच्या वाट्याला फक्त कुलूप लावणे येते.

बाबासाहेब १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले तेव्हा त्यांनी असाच हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक काढते. लोकांकडून घेतले तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला सांगितले की महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. फुले दांपत्याची भिडेवाड्यातली १८४८ ची शाळा बोटांवर मोजाव्या इतक्या मुलींनी सुरू झाली. २० पटाचा निकष तेव्हा असता तर? त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मांग समाजाच्या मुक्ताने १८५५ मध्ये तिचा निबंध लिहिला असता का?

आता घरचेही बोलू, नाहीतर हे लिहिणे अर्धवट राहील. लहान शाळेत सगळे उत्तम चालते असा आमचा दावा नाही. चार इयत्ता एका खोलीत शिकवणे अवघड आहे. काही शिक्षक वस्तीवर राहत नाहीत, साडेअकराला येतात आणि चारच्या एसटीने जातात. चौथीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण दवाखान्यात डॉक्टर उशिरा येतो म्हणून दवाखाना पाडत नाहीत. आणि आमच्यातले जे नोकरीला लागले, आरक्षणाने साहेब झाले, त्यांची मुले कुठे आहेत? १४ एप्रिलला मंचावर शिक्षणावर भाषण आणि जूनमध्ये मुलाचा दाखला इंटरनॅशनल शाळेत! ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितले होते की सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधींची मुले सरकारी प्राथमिक शाळेत घाला. तो आदेश कागदावरच राहिला. ज्यांचा आवाज साहेबापर्यंत जातो त्यांची मुले त्या शाळेत नाहीत, आणि ज्यांची आहेत त्यांचा आवाज जात नाही.

मग करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. बहुतेक वस्त्यांवर ही समिती मास्तरांच्या रजिस्टरमध्ये असते आणि सह्या घरपोच होतात. हे आपण बंद करू शकतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्या तेराच्या शाळेत पालकांनी तेच केले. समितीची बैठक लावली, आधार नसलेल्या पारधी मुलाचे नाव ठरावात घातले, ओढ्याचे पावसाळ्यातले फोटो जोडले, दोन शिक्षकांची कायद्यातली तरतूद लिहिली, शाळा विकास आराखड्यात संगणक मागितला आणि तोच ठराव ग्रामसभेतून पुन्हा करून घेतला. पोच घेतल्याशिवाय कागद दिला नाही. निर्णय अजून यायचा आहे, शाळा अजून चालू आहे.

आणि कागदाने भागले नाही तर इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची आठवण ठेवा. भाम धरणाने उठवलेल्या त्या वाडीची शाळा बंद केली तेव्हा २०२२ मध्ये तिथली मुले बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर चालत निघाली. दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या, अशी त्यांची घोषणा होती.

जय भीम!