जुना स्विच शिकायला चांगला, पण कोणता ते पाहून घ्या

भारतनेटची सुधारित योजना केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली. खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी. आधी तालुक्यावरून गावाकडं केबलची एकच लाइन यायची. ती तुटली की पुढचं सगळं बंद. आता तालुका आणि ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडून राउटर बसवायचे आहेत, म्हणजे एका बाजूची केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट चालावं. भामरागड, एटापल्लीच्या जंगलात याचं मोल वेगळं सांगायला नको. पण हे डबे सांभाळायला दरवेळी नागपूरचाच माणूस का यावा? आपले पोरं हे काम शिकू शकतात.

शिकणारे बहुतेक सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेच्या मागे असतात. तिची फी ३०० डॉलर, कर वेगळा. २०२५-२६ च्या हमीभावानं (साधारण धान २,३६९ रुपये क्विंटल) दहा क्विंटल धान विकलं तरी ती निघत नाही. वरून सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. म्हणून सराव पक्का पाहिजे.

सुरुवात पॅकेट ट्रेसरवर करा. लॅपटॉपवर फुकट चालतं. मग जुना स्विच कशाला? हातासाठी. कन्सोल केबल लावणं, आधीच्या मालकाचा पासवर्ड मोड बटण दाबून काढणं, खराब पोर्ट ओळखणं हे खऱ्या डब्यावरच जमतं. दोन स्विच दोन केबलांनी जोडून पाहा. एका पोर्टचा दिवा नारंगी राहतो. लूप होऊ नये म्हणून स्विचनंच तो अडवलेला असतो. चालू केबल काढा. जुन्या पद्धतीत साधारण ३० सेकंदांनी तो दिवा हिरवा होतो, रॅपिड पद्धत लावली तर जवळपास लगेच. दुसरा रस्ता कामाला येतो म्हणजे काय, हे डोळ्यानं दिसतं.

विकणारे स्वस्तात कॅटॅलिस्ट २९५० गळ्यात मारतात. तो घेऊ नका. आयपीव्ही६ त्याला येत नाही, एसएसएच साध्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं. २९६० घ्या, तोही 'लॅन बेस'चा. पैसे देण्याआधी चालू करून 'शो व्हर्जन' पाहा. 'लॅन लाइट' दिसलं तर सोडून द्या. नव्या लॅपटॉपला यूएसबीची कन्सोल केबल लागते, तिचे पैसे हिशेबात धरा. पंख्याचा आवाज मोठा असतो, झोपायच्या खोलीत ठेवू नका. वायरलेस आणि ऑटोमेशनचे प्रश्न परीक्षेत येतात, ते या डब्यावर होत नाहीत. त्यासाठी पुन्हा लॅपटॉपच.

आणि पोट्टेहो, ग्रामपंचायतीच्या चालू डब्याला सरावासाठी हात लावू नका. चार-पाच जणांनी वर्गणी काढून दोन स्विच घेतले, वाचनालयात टेबलावर ठेवले, तं सगळ्यांचं भागते.