डोक्याला वीज, कल्पनेला बळ?

कपाळावर ओलसर स्पंज, त्यांत दोन इलेक्ट्रोड आणि बॅटरीवर चालणारे एक छोटे यंत्र. एक ते दोन मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह वीस-तीस मिनिटे डोक्याला द्यायचा आणि मेंदू तल्लख करायचा! एकेकाळी प्रयोगशाळेपुरती असलेली ही उपकरणे आता ऑनलाइन विकत मिळतात. एकाग्रता, स्मरणशक्ती, सर्जनशीलता वाढेल, अशी त्यांची जाहिरात होते. परीक्षार्थींना किंवा रोज काही नवे सुचावेच लागते अशा व्यावसायिकांना मोह पडणे साहजिक आहे. म्हणूनच या दाव्यांमागचे विज्ञान तपासायला हवे.

हे उत्तेजन म्हणजे मनोविकारांवर दिला जाणारा ‘शॉक’ नव्हे. शॉकमध्ये प्रवाह शेकडो पट अधिक असतो आणि तो भूल देऊन दिला जातो. सौम्य उत्तेजनात व्यक्ती पूर्ण जागी असते. हा प्रवाह चेतापेशींना थेट कामाला लावत नाही. त्यांची उद्दीपित होण्याची तयारी तेवढी किंचित कमी-जास्त करतो.

सर्जनशीलतेबाबतचे काही निष्कर्ष लक्षवेधी आहेत. सिडनी विद्यापीठात २०११ मध्ये ६० जणांना काड्यांची कोडी घातली गेली. काड्यांनी मांडलेले चुकीचे समीकरण एकच काडी हलवून बरोबर करायचे होते. एका पद्धतीची सवय झाल्यावर अचानक वेगळ्या युक्तीचे कोडे दिले. लुटुपुटुचे उत्तेजन मिळालेल्यांपैकी २० टक्के, तर एका विशिष्ट प्रकारचे खरे उत्तेजन मिळालेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी ते सोडवले. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्लाव्हिओ फ्रोलिश यांच्या गटाने मेंदूच्या पुढच्या भागाला सेकंदाला दहा आवर्तनांचा प्रवाह दिला. सर्जनशीलतेच्या चाचणीतील गुण सरासरी ७.४ टक्क्यांनी वाढले.

पण या दुसऱ्या प्रयोगात सहभागी होते अवघे २० जण आणि चाचणी होती अपुरी चित्रे पूर्ण करण्याची. त्यातले गुण वाढले म्हणजे कथा, चाल किंवा नवे यंत्र सुचेल, असे नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, एकदाच दिलेल्या सौम्य एकदिश प्रवाहाचा निरोगी माणसांच्या बौद्धिक क्षमतांवर खात्रीलायक परिणाम आढळला नाही. प्रवाह मेंदूपर्यंत किती पोहोचतो, हाही प्रश्न आहेच. २०१८ मधील एका अभ्यासानुसार, त्यातला सुमारे ७५ टक्के भाग त्वचा, स्नायू आणि कवटीतच अडतो.

शिवाय फायद्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागू शकते. ऑक्सफर्ड विद्यापीठात २०१३ मध्ये काही जणांना नवी अंकचिन्हे शिकवली गेली. मेंदूच्या एका भागाला उत्तेजन दिल्यावर ते लवकर शिकले. पण शिकलेले सहजपणे वापरण्याची क्षमता घटली. दुसऱ्या भागाला उत्तेजन दिल्यावर नेमके उलटे घडले.

उपचार म्हणून मात्र या तंत्राकडे गांभीर्याने पाहिले जाते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या भासांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. नैराश्याच्या १७४ रुग्णांवर घरच्या घरी, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दहा आठवड्यांनी खरे उत्तेजन मिळालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के, तर लुटुपुटुचे मिळालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के रुग्णांची लक्षणे जवळपास नाहीशी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीतील एका मोठ्या चाचणीत, नैराश्याची औषधे सुरू असलेल्या रुग्णांना अशा उत्तेजनाचा वेगळा लाभ दिसला नव्हता.

रुग्णाने थोडा धोका पत्करला, तर त्याला बरे होण्याची आशा असते. निरोगी माणसाचे तसे नाही. ३९ संशोधकांनी २०१६ मध्ये स्वतःच प्रयोग करणाऱ्यांसाठी खुले पत्र लिहिले, ते याच काळजीपोटी. इलेक्ट्रोडखालच्या भागापलीकडेही परिणाम होतो, तो व्यक्तीगणिक बदलतो आणि बराच काळ टिकू शकतो, असे त्यांनी बजावले. त्वचा भाजण्याचा धोका वेगळाच. मुलांचा मेंदू तर अजून घडत असतो. त्यामुळे गुणांच्या आशेने पालकांनी असे उपकरण घरी आणू नये. नैराश्यासारख्या आजारासाठी त्याचा विचार असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.