नोंदवह्या कपाटात, मग २२ मे कशासाठी?

जागतिक जैवविविधता दिनाची छायाचित्रे आपल्या अंकात पाहिली. फलक, रोपे, सत्कार, सगळे यथासांग झाले. गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचे पुढे काय झाले, हे मात्र एकाही भाषणात कुणी सांगितले नाही.

आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून मी ती वही पाहिली. पाने नवी करकरीत. शेजारच्या गावच्या वहीशी ताडून पाहिली, तर वनस्पतींची यादी क्रमासकट तीच! सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पावसाळ्यात फुलणारी दिपकाडी तिच्यात नाही, सड्याचाच उल्लेख नाही. गुरे राखणाऱ्या कुठल्याही बाईने ही फुले दाखवली असती, पण तिला विचारतो कोण?

असे का झाले, हे तारखाच सांगतात. जैवविविधता कायदा २००२ चा. गावकऱ्यांशी बोलून नोंदवही करा, असे नियम सांगतात. बहुतेक राज्ये वर्षानुवर्षे स्वस्थ बसली. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यामागे दरमहा १० लाख रुपये भरण्याची तंबी दिली. मग छापखान्यातून पत्रिका निघाव्यात तशा वह्या निघाल्या. जानेवारीत कोकणातला सडा म्हणजे उघडा जांभा. त्या महिन्यात यादी करणाऱ्याला दिपकाडी दिसणार तरी कशी? मुदत पाळली गेली, सडा राहून गेला. सातबारावर तो पोटखराबा आहेच. आता चिरेखाणीचा प्रस्ताव आला की ‘इथे काही नाही’ म्हणायला सरकारी वहीचाही आधार!

याउलट पक्ष्यांचे पाहा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे, त्यात ९४२ जातींची स्थिती तपासली आहे. त्यांना दंडाची भीती कुणी घातली नव्हती. नोंद करण्याची पद्धत एक, साठवण्याची जागा एक, आणि तेरा संस्था एकत्र बसायला तयार. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. माहिती योग्य ठिकाणी पोहोचली की सरकारही हलते.

वह्या खुल्या केल्या तर औषधी कंपन्या आणि चोर सोकावतील, असे सांगितले जाते. भीती खोटी नाही. वैदूंचे ज्ञान त्यांच्या संमतीशिवाय उघड करू नये, दुर्मीळ जातीचा नेमका पत्ता झाकावा. पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील जातींचे ठिकाण आजही झाकतात. पण गावातली झाडे, पाणवठे, देवराया आणि सडे यांत गुपित ते काय?

माहिती दडवण्याची खोड जुनीच आहे. नोंदवहीची कल्पना ज्यांनी रुजवली, त्या माधव गाडगीळ यांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला. लोकांपुढे तो मे २०१२ मध्ये आला, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. आजही प्रकल्पांच्या जनसुनावणीला पर्यावरण अहवालाचा मराठीत फक्त सारांश मिळतो. ज्यांची जमीन जाणार त्यांनी जाडजूड इंग्रजी अहवाल कुणाकडून वाचून घ्यायचा?

नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने सगळ्या वह्या मराठीत संकेतस्थळावर टाकाव्यात. तालुक्याच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी दर पावसाळ्यात गावकऱ्यांसोबत त्या दुरुस्त करतील. मंडळाने त्यांना तसे पत्र तरी द्यावे. आणि खाणीच्या किंवा रस्त्याच्या प्रस्तावाला गावची दुरुस्त वही जोडल्याशिवाय परवानगी नको.

वाचकांनीही जूनमध्ये आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन वही मागावी, आणि तिच्यात जे नाही ते ग्रामसभेत लिहून घ्यायला लावावे.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)