चुना लावा, पण योग्य ठिकाणी

परवा एक मित्र घरी आला होता. टाकीसमोर पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण ते मागच्या दगडावरचं तपकिरी फूल एकदम क्लास आहे रे!" आता याला काय सांगणार? खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्याला हे ऐकवणं म्हणजे "तुमच्याकडची झुरळं काय तुकतुकीत आहेत हो" म्हणण्यासारखं आहे.

ते फूल म्हणजे आयप्टेशिया. समुद्रफुलांच्या खानदानातला सगळ्यात चिवट मेंबर. निमोच्या सिनेमात मासा ज्यात लपतो तेही समुद्रफूलच, पण ते हौसेने विकत आणावं लागतं आणि तरी जगेल याची खात्री नाही. हा पाहुणा फुकट येतो, दगडाच्या नाहीतर एखाद्या तुकड्याच्या बुडाला चिकटून, आणि मग जाता जात नाही.

याच्याबद्दल आज लिहायचं कारण म्हणजे, यावर जे उपाय छातीठोकपणे सांगितले जातात त्यातले निम्मे मूर्खपणाचे आहेत आणि एक तर जीवघेणा आहे. मी त्यातले दोन मूर्खपणाचे स्वतः करून झालोय, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

पहिला मूर्खपणा: खरवडणे. नखाएवढं एक आयप्टेशिया दिसलं, मी जुन्या सुरीने खरवडून काढलं आणि हात झटकले. महिन्याभराने मोजली तर अकरा होती. रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, पण ती आपल्याच हॉलमध्ये घडेल असं वाटलं नव्हतं. कारण सरळ आहे. हा प्राणी एरवीसुद्धा सरकताना आपल्या तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि त्या प्रत्येक तुकड्याचं नवीन पिल्लू होतं. म्हणजे सुरीने मी त्याचंच काम सोपं करून दिलं!

दुसरा मूर्खपणा जास्त वाईट. मी दुकानात गेलो. दुकानदाराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "एक कॉपरबँड घेऊन जा. आठवड्यात साफ." कॉपरबँड बटरफ्लाय हा पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे आणि चोचीसारखं लांब तोंड असलेला देखणा मासा. तो आयप्टेशिया खातो हे खोटं नाही. पण कोणता खाईल आणि कोणता ढुंकूनही बघणार नाही हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय हे मासे बहुतेक सगळे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात, आणि टाकीतलं फ्रोझन खाणं खायला अनेकदा तयारच होत नाहीत. त्यांना फिरायला मोठी टाकी लागते. माझी टाकी १८० लिटरची. हे सगळं दुकानदाराला माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि मी स्वतः शोधलं असतं तर दहा मिनिटांत मलाही कळलं असतं. ऑफिसात एखादी लायब्ररी घ्यायची तर मी तिची सगळी डॉक्युमेंटेशन चाळतो. इथे जिवंत प्राणी घेताना मात्र पिशवीत बांधून दिला तो घेऊन आलो.

एकोणीस दिवस जगला. दगडातले बारीक किडे टिपले, ते संपले, मग कोपऱ्यात उभा राहायला लागला. पोट आत गेलेलं बाहेरून दिसत होतं. आयप्टेशिया होती तिथेच होती.

"मासाच तो शेवटी, आपण बांगडा खातोच की," असं यावर मला ऐकवून झालंय. खातो, आवडीने खातो. पण बांगड्याने निदान कोणाचं पोट तरी भरतं. या माशाला मी एकोणीस दिवस उपाशी ठेवलं ते माझी दहा मिनिटांची मेहनत वाचावी म्हणून. दोन्हीत फरक आहे, आणि तो कळायला शाकाहारी असावं लागत नाही.

माझा खरा आक्षेप इथे आहे. प्राणी औषध म्हणून विकणं, आणि आपण तो औषध म्हणून घेणं. पेपरमिंट श्रिंपचंही तेच. काही खातात, तेही बहुधा लहान आयप्टेशिया. काहींना माशांचं खाणं आयतं मिळालं की ती त्यांच्या वाटेलाही जात नाहीत. त्यात पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप गळ्यात मारली जाते. ती आयप्टेशिया सोडून तुमचे पॉलिप खाते. आता राहिली बर्गिया, ही एक इवलीशी समुद्री गोगलगाय. हिच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की ती खरंच काम करते, कारण ती आयप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. पण मग याचाच अर्थ असा की आयप्टेशिया संपली की ती उपाशी मरणार. ज्याच्याकडे पुढचा लागण झालेला मित्र तयार आहे आणि काम झाल्यावर ती त्याच्याकडे सोपवणार आहे, त्याने खुशाल आणावी. "संपलं की मरेल, मरू दे" म्हणणाऱ्याने आणू नये.

आता तो जीवघेणा उपाय: "दगड काढून उकळून टाक." कृपा करून हे करू नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे पॉलिप असतील तर त्यांत पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. उकळल्याने ते नष्ट होईल याचा काही भरवसा नाही, उलट वाफेबरोबर थेट फुप्फुसात जातं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला २०१८ साली घरातली टाकी साफ करताना हेच विष पसरलं आणि त्या कुटुंबाबरोबर मदतीला आलेल्यांनाही हॉस्पिटलात न्यावं लागलं. आपल्या वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात, पोरंबाळं घरात असताना, गॅसवर हा प्रयोग करायचा? दोन इंची फुलासाठी?

मग करायचं काय? कंटाळवाणं काम करायचं. कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजे आपला चुना, थोड्या पाण्यात दाटसर कालवायचा. हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मा, कारण तो भाजतो. पंप बंद. सिरिंजने हळूच आयप्टेशियाच्या तोंडावर असा सोडायचा की ती आक्रसायच्या आत झाकली जाईल. दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू. एका वेळी तीन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो आणि बाकीच्यांचे हाल होतात. दुकानदाराने मला चुना लावला होता, शेवटी चुनाच कामाला आला!

आणि हे दर रविवारी. त्याचबरोबर माशांना घालायचं खाणं कमी करायचं. आयप्टेशियाच्या अंगात शैवाल राहतं, ते उजेडावर तिला अन्न पुरवतं, आणि वर तुम्ही टाकलेलं उरलंसुरलं खाणं ती स्वतः पकडून खाते. म्हणजे ती माझ्याकडे फोफावली कारण मी तिला दोन वेळचं जेवण घालत होतो. नवीन काही आणलं तर महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवायचं आणि रात्री टॉर्च मारून बघायचं. एवढं पहिल्याच दिवशी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

"यात कायमचा नायनाट कुठे आहे?" असं कोणी विचारेल. नाहीये. चार महिन्यांनंतर माझ्याकडे अजून तीन-चार आहेत, त्यातली एक मित्राला आवडलेली. तीन-चार असल्याने कोणाचं काही बिघडत नाही. शेजारच्या पॉलिपला डंख मारण्याएवढी जवळ आली की तिचा नंबर लागतो.

गंमत म्हणजे हाच प्राणी प्रयोगशाळांत हौसेने वाढवतात. प्रवाळांसारखंच याच्या अंगात शैवाल असतं, पण ते काढून टाकलं तरी हा मरत नाही, आणि नंतर पुन्हा घालता येतं. त्यामुळे समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे का पडतात हे शोधायला तो उपयोगी पडतो. २०१५ साली त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. ज्या चिवटपणाला आपण शिव्या घालतो तोच तिथे कामाला येतोय.

असो. पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला, "हा घेऊन जा, साफ करेल," तर त्याला एकच विचारा: साफ झाल्यावर हा खाणार काय? उत्तर नसेल तर चुना आणि सिरिंज घेऊन घरी या.