कंपनीचा कर मिटतो, माणसाचा का नाही?

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने लिहिले, की नादारीचा अर्ज टाकला की माणूस आयकर बुडवायला मोकळा. ते वाचून संताप आला. मी सव्वीस वर्षे बाळापूरच्या मोंढ्यात आडत-भुसार दुकानांचे हिशेब लिहितो. अशी मोकळीक मिळालेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. ती मोकळीक कंपनीला आहे.

कंपनीचे काय होते? 13 एप्रिल 2021 ला घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की न्यायाधिकरणाने दिवाळखोर कंपनीच्या देण्यांचा आराखडा मंजूर केला आणि त्यात एखादे देणे धरलेले नसले, तर ते संपले. मग ते केंद्राचे असो, राज्याचे असो की नगरपालिकेचे. कंपनी विकून वाटणी करायची झाली तरी कामगार आणि तारण घेतलेल्या बँका आधी, सरकारी कर त्यांच्या बराच मागे. आपल्या मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉनचे आठवा. सुमारे 64,800 कोटींच्या मान्य दाव्यांपुढे 2,962 कोटींचा आराखडा जून 2021 मध्ये मंजूर झाला होता. पुढे अपिलात तो रद्द झाला हे खरे, पण एका न्यायपीठाला तो मंजूर करता आला, हेही खरेच.

आता माणसाचे. हिंगोलीच्या न्यायालयात आज कोणी नादारी मागितली तर त्याला लागतो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. त्याच्या 44 व्या कलमात पहिलेच वाक्य आहे : नादाराची सुटका झाली तरी सरकारचे देणे सुटत नाही. बँकेचे सुटेल, सावकाराचे सुटेल, आयकर सुटणार नाही. इंग्रज सरकारने आपल्या वसुलीसाठी घातलेले हे कलम शंभर वर्षांनी आपण जसेच्या तसे चालवतो आहोत!

हे मला या आठवड्यात एका हळद व्यापाऱ्याला सांगावे लागले. आयकराच्या नोटिशीचा कागद हातात घेऊन ते बसले होते. त्यांनी माल बाहेरगावच्या पार्टीला उधारीवर दिला, मी तो विक्रीत धरला, वहीत नफा दिसला, त्यावर कर बसला. पैसे आलेच नाहीत. पार्टी बुडाली. बुडीत रक्कम पुढच्या वर्षी वजा करता येते, पण पुढच्या वर्षी दुकानच बंद. वजावट घ्यायची कशातून? मागच्या वर्षाच्या नफ्यातून पुढचा तोटा वळता करायची सोय आपल्या आयकरात नाही. या माणसाने गाळा विकून आधी शेतकऱ्यांची पट्टी चुकती केली. कर राहिला, आणि त्यावर महिन्याला एक टक्का व्याज चढते आहे. यांना करबुडवे म्हणायचे?

कोणी म्हणेल, मग प्रामाणिकपणे भरणाऱ्याने का भरावा? पण नादारी मागितली की मिळाली, असे कुठे आहे? याच जुन्या कायद्यात, आधीच्या तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या नसतील तर न्यायालय सुटका नाकारू शकते. लबाडीने केलेले देणेही सुटत नाही. मग ज्याच्या वह्या चोख आहेत, त्याला वेगळा न्याय का?

आणि उत्तर तयार आहे, हीच चीड आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग माणसांसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी लिहिलेला आहे. कोणती देणी सुटणार नाहीत याची त्यातली यादी वाचा : न्यायालयाचा दंड, निष्काळजीपणाची भरपाई, पोटगी, शैक्षणिक कर्ज. आयकराचे नाव नाही. पण हा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू केला तो फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी संसदेने केलेला कायदा नुसता छापून पडला आहे. दहा वर्षांपूर्वी केलेला कायदा लागू करायला एक अधिसूचना लागते.

सरकार सोडत नाही असेही नाही. 1 फेब्रुवारी 2024 च्या अर्थसंकल्पात 2009-10 पर्यंतच्या 25 हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या सोडल्या. राज्याने 2023 च्या अभय योजनेत विक्रीकराची दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ केली. चांगले केले. पण माफी सरकारच्या मर्जीची; आमच्या माणसाला न्यायाधीशासमोर वही ठेवून सुटका मागण्याचा हक्क हवा आहे.

जाता जाता आणखी एक. ती नोटीस आधी ईमेलवर आली होती, इंग्रजीत. व्यापारी सातवी शिकलेले, ईमेल मुलाच्या फोनवर, मुलगा पुण्याला. मुदत उलटल्यावर कागद घरी पोचला. मराठी माणसाकडून पैसे मागायचे तर मराठीत मागा. आमच्या खासदारांनी लोकसभेत हे दोन्ही प्रश्न विचारावेत : तिसरा भाग सगळ्यांना कधी लागू होणार, आणि नोटीस मराठीत कधी येणार?

आपला,
एक हिशेबनीस,
आखाडा बाळापूर (ता. कळमनुरी, जि. हिंगोली)