छोटी बोट, मोठी ऐट

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते वीस मजली तरंगतं शहर. जानेवारी २०२४मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर खच्चून भरलं तर साडेसात हजार पाहुणे मावतात! आता गर्दीच अनुभवायची तर समुद्रात कशाला जायचं? दादर स्टेशन आहेच की.

म्हणून मला अपील होतात त्या छोट्या बोटी. फ्रान्सच्या पोनाँ कंपनीची २०१८मध्ये आलेली ‘ल लापेरूझ’ घ्या. लांबी १३१ मीटर, केबिन्स ९२, पाहुणे जेमतेम १८४. म्हणजे किती ऐसपैस, ते कळायला आपली ‘आंग्रिया’ आठवा. त्याच वर्षी मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली आणि पुढे बंद पडलेली ही बोटही १३१ मीटरचीच. पण ती साधारण ४०० जणांना घेऊन जायची. अर्थात तो एका रात्रीचा प्रवास होता आणि तिकीटही त्याच हिशेबाचं.

लापेरूझवरची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ‘ब्लू आय’. चक्क पाण्याच्या पातळीखालचा लाउंज! देवमाशाच्या डोळ्यासारख्या दोन भल्यामोठ्या खिडक्या, समुद्राच्या पोटातले आवाज टिपणारे हायड्रोफोन आणि त्या आवाजांबरोबर हलकेच थरथरणारे सोफे. हातात ड्रिंक, बाहेर निळंशार पाणी... बॉस, याला म्हणतात बार! शिवाय बोटीच्या मागच्या टोकाला खाली-वर होणारा प्लॅटफॉर्म आहे. तिथून थेट पाण्यात उतरायचं.

हॉटेलवालेही आता पाण्यात उतरलेत. रिट्झ-कार्लटनची ‘एव्रिमा’ ऑक्टोबर २०२२मध्ये बार्सिलोनाहून निघाली. २९८ पाहुणे, १४९ स्वीट्स आणि प्रत्येक स्वीटला स्वत:ची टेरेस. मुंबईतल्या वन-रूम-किचनवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये.

आपल्याकडची ‘गंगा विलास’ तर आणखी छोटी. १८ स्वीट्स, ३६ पाहुणे, स्पा आणि जिम. १३ जानेवारी २०२३ला ती वाराणसीहून निघाली आणि बांगलादेशमार्गे ३,२०० किलोमीटर कापून दिब्रुगडला पोचली. बोटीचा तळ पाण्यात जेमतेम १.४ मीटर बुडतो, म्हणून उथळ नदीतही ती चालते. पण सफर ५१ दिवसांची! एवढी रजा मागितली तर बॉस कायमचीच देईल.

खर्चाचं काय? इथे जरा सांभाळून. ब्रोशरमधला दर माणशी असतो आणि तोही केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. माझ्यासारखं एकटीने जायचं तर बहुतेक कंपन्या वर ‘सिंगल सप्लिमेंट’ लावतात, कधी कधी जवळजवळ दुप्पट. तेव्हा बुकिंगआधी हा आकडा लेखी मागा. टिप्स, वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या सहली त्यात धरल्यात का, तेही विचारा.

आणि हो, खवळलेल्या समुद्रात छोटी बोट जास्त हलते. स्टॅबिलायझर असले तरी थोडं डोलणं आलंच. गाडी लागणाऱ्यांनी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. वरच्या मजल्यापेक्षा तिचं भाडंही सहसा कमी असतं.