हौसेची चूल

माझी आजी रेवदंड्याला चुलीपुढे खोकून खोकून म्हातारी झाली. लाकडाचा धूर तिच्या नशिबीच होता, गॅस कुणाला परवडत होता? जन्मात एक विडी न ओढलेल्या बाईला दमा कुठून जडला, हे मला कळले ते जर्मनीत छातीच्या वॉर्डात नोकरी करू लागल्यावर.

म्हणूनच इथली फॅशन पाहून चीड येते. घरभर रेडिएटर गरम, आणि तरी दिवाणखान्यात काचेच्या दाराची लोखंडी शेगडी! संध्याकाळी वाइनचा पेला घेऊन जाळाकडे बघत बसायचे. अशा शेगड्या या देशात एक कोटीच्या आसपास आहेत. लाकूड जाळून निघणारी बारीक धूळ मोटारी व ट्रकच्या धुरातल्या धुळीपेक्षा जास्त भरते, असे इथले केंद्रीय पर्यावरण कार्यालयच सांगते. आणि लोक बोट दाखवतात डिझेलकडे! (इस्राएलमधल्या माझ्या भावंडांनी हसू नये. लाग बाओमेरच्या रात्री तिकडे काय होते?)

ही धूळ अडीच मायक्रॉनहून बारीक. नाक तिला अडवत नाही. ती फुफ्फुसाच्या तळाशी जाते, तिथून काही अंश रक्तात उतरतो, आणि मग हृदयविकार, अर्धांगवायू. २०१९ साली डॉ. डीटर क्योलर व शंभराहून अधिक फुफ्फुसतज्ज्ञांनी सरकारी मर्यादांवरच शंका घेतली. म्हणे, सिगारेटने मेलेले आम्ही रोज पाहतो, धुळीने मेलेला एकही पाहिला नाही. त्यांच्या हिशोबातल्या चुका ‘टाझ’ दैनिकाने लवकरच उघड केल्या. पण मी विचारते, धुळीचे नाव मृत्यूच्या दाखल्यावर कोण लिहितो? माझ्या आजीच्या दाखल्यावर चूल लिहिली होती का?

कायदा आहे, नाही असे नाही. १९९५ ते मार्च २०१० या काळात मंजूर झालेल्या शेगड्या जास्त धूळ सोडत असतील तर त्यांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत गाळणी बसवायची होती, नाहीतर बंद करायचे होते. पण नव्या शेगडीत ओले लाकूड घातले तर काय? धुराडे साफ करणारा रोज रात्री बघायला येतो थोडाच! युरोपची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेत २५ मायक्रोग्रॅम, २०३० पासून ती १० होईल. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते आहे. तोवर आम्ही म्हाताऱ्यांनी श्वास रोखून धरायचा काय?

२००८ साली म्युनिकच्या डीटर यानेचेक यांनी युरोपीय न्यायालयात जिंकून दाखवले. मर्यादा मोडण्याचा धोका असेल तर तिथल्या रहिवाशाला सरकारकडून कृती आराखडा मागता येतो. त्यांच्या रस्त्यावर मोजणीचे यंत्र होते. आमच्या गल्लीत नाही. मी तक्रार केली तेव्हा कार्यालयातल्या बाई गोडपणे म्हणाल्या, ‘खिडकी लावून घ्या.’ खिडकी मी लावली आहे. आता गल्लीत यंत्र बसवा म्हणून अर्ज लिहिला आहे. खालच्या दोन मजल्यांवरच्या लेकुरवाळ्या बायांनी सह्या केल्या, शेगडीवाल्यांनी अजून केलेली नाही.